लगेच फॉरमॅट मारू नका!

मला दिसत नाही, सगळं काम स्क्रीन रीडरवर. फॉर्मची शेवटची तारीख उद्यावर, आन् ब्राउझर उघडला की एनव्हीडीए मुकं! गेवराईतला दुरुस्तीवाला म्हणतो, "दादा, फॉरमॅट मारू." म्हणलं, थांब की. डेस्कटॉपवर येऊन इन्सर्ट-क्यू दाबलं, 'ॲड-ऑन बंद ठेवून पुन्हा सुरू करा' हा पर्याय निवडला. लागलं बोलायला! म्हणजे खोट वरून टाकलेल्या ॲड-ऑनमध्ये. मग एकेक चालू केलं, दर खेपेला रीस्टार्ट. तिसऱ्याला पुन्हा मुकं. ते काढलं, फॉर्म भरला.

वर्षाची पहिली आवृत्ती, 2024.1, 2025.1, आली की जुनी ॲड-ऑन बहुधा नव्यानं घ्यावी लागतात. एनव्हीडीए फुकट मिळतं, शिकवणार कोण? बीड जिल्ह्यातल्या प्रत्येक सेतू केंद्रात एवढं जाणणारा एक तरी माणूस द्या.