आलापल्ली ते लंडन

गडचिरोली जिल्ह्यात आलापल्लीचे सागवान पाहावे ते तिथल्या सुमारे सहा हेक्टरांच्या राखीव वनात. १९५३ पासून राखलेल्या या तुकड्याला २०१४ मध्ये जैवविविधता वारसास्थळाचा मान मिळाला. मान अगदी मोडेपर्यंत वर करावी, तेव्हा कुठे शेंडा दिसतो!

मुक्कामाच्या घरी मात्र बोलणे निघाले लंडनचे. थोरली मुलगी तिकडे शिकायला निघालेली, आणि मी तिथे काही वर्षे काढलेली. मग काय, सल्ल्यांना ऊत आला! क्षयाची तपासणी व्हिसाच्या अर्जाआधीच उरकावी. खोली पाहिल्यावाचून अनामत पाठवू नये. ती सहसा पाच आठवड्यांच्या भाड्याहून अधिक घेता येत नाही. पोचताच जवळच्या दवाखान्यात नाव नोंदवावे. जवसाची चटणी खुशाल न्यावी, तूप-पेढे मात्र नकोत. दुधाचे पदार्थ इथून नेण्यास बंदी आहे.

खरी परीक्षा पुढेच, डिसेंबरात. चारच्या आतच सूर्य मावळतो, झाडे उघडीबोडकी, आणि ताटासमोर आपण एकटे. अशा वेळी १९३२ पासून चालत आलेले तिथले महाराष्ट्र मंडळ गाठावे. आणि दिवे लागताच घरी फोन करावा. तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात; फोन येईपर्यंत घरात कोणी झोपत नाही.