आधी सांडवा, मग बोटी

ती. मामांस,


ओढ्यावरच्या जुन्या मातीच्या पाळूमागे पाणी बारमाही राखायचं, त्यात बोटी सोडायच्या, पाळूवर फिरायला फरशीची वाट करायची आणि कडेने झाडं लावायची, असा तुमचा बेत कळला. लोहा-अहमदपूरच्या त्या माळावर लोक नक्की येतील. ज्या लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथल्या माणसाला भरलेलं तळं डोळे भरून पाहावंसं वाटणारच. माझी हरकत बेताला नाही, त्याच्या क्रमाला आहे. मौजेच्या तळ्याला जे हवं असतं, नेमकं तेच मातीच्या पाळूला घातक असतं. सिंचनाच्या तलावातलं पाणी रब्बीत उपसलं जातं, मृगापर्यंत तळ दिसू लागतो आणि पहिला मोठा लोंढा सामावायला जागा तयार होते. बोटिंगच्या तळ्यात ती जागा कुणी ठेवत नाही. उलट पाणी आणखी हातभर वर राहावं म्हणून सांडव्यावर विटांचा थर चढतो, मासे वाहून जाऊ नयेत म्हणून जाळी लागते.

अमेरिकेत पेनसिल्वेनियात हे सगळं घडून गेलेलं आहे. साउथ फोर्क हे मातीचं धरण मुळात कालव्याला पाणी पुरवायला बांधलेलं. 1879 साली धनिकांच्या एका शिकार-मासेमारी क्लबाने ते सहलींसाठी घेतलं. अँड्र्यू कार्नेगीसारखे उद्योगपती त्याचे सभासद होते. तळातून पाणी सोडायचे लोखंडी नळ आधीच्या मालकाने काढून विकले होते, ते क्लबाने पुन्हा बसवले नाहीत. बग्ग्या नीट जाव्यात म्हणून पाळूचा माथा उतरवला. मासे राहावेत म्हणून सांडव्याला जाळ्या लावल्या. 31 मे 1889 रोजी अतिवृष्टीत पाणी माथ्यावरून गेलं, धरण फुटलं आणि जॉन्सटाउन व आसपासच्या वस्त्यांतली 2,209 माणसं गेली. क्लबाने केलेला एकेक बदल पाहुण्यांच्या सोयीसाठी होता. किंमत मोजली ती खोऱ्यातल्या पोलादनगरीने. तुमच्या बोटीत बसणाऱ्याला तुम्ही लाइफ जॅकेट द्याल. पाळूखाली, ओढ्याच्या काठी जी घरं आहेत त्यांनी तिकीटही काढलेलं नाही आणि त्यांना जॅकेटही नाही.

तुम्ही म्हणाल, ते धरण कुठे आणि आपली सहा-सात मीटरची पाळू कुठे. 2021 चा धरण सुरक्षा कायदाही 15 मीटरपेक्षा उंच धरणांना आणि 10 ते 15 मीटरांतल्या काही ठरावीक धरणांनाच लागू होतो. याचा अर्थ एवढाच, की त्या कायद्याखाली तुमची पाळू तपासायला कुणी येणार नाही. एक हेक्टर तळ्यात सरासरी तीन मीटर पाणी धरलं तरी ते 30 हजार टन होतं, आणि पाळूला घळ पडली की यातलं बहुतेक पाणी थोड्या वेळात खाली येतं. चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरणही सिंचनाच्या हिशेबात लघु प्रकल्पांतच मोडायचं. 2 जुलै 2019 च्या रात्री ते फुटलं आणि भेंदवाडीतली वीसच्या आसपास माणसं गेली. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधी केलेल्या होत्या. नंतर खेकड्यांना दोष दिला गेला. खेकडे, घुशी, वारुळं यांनी मातीचा भराव पोखरला जातो हे खरंच आहे. म्हणूनच तर दर पावसाळ्याआधी माणसाने पाळूवरून आणि पायथ्याने चालत जाऊन बघायचं असतं. पायथ्याशी झिरपणारं पाणी नितळ असेल तर नजर ठेवावी, गढूळ असेल तर आतली माती वाहते आहे असं समजून त्याच दिवशी तळं उतरवायला घ्यावं. पाळूवर झुडपं आणि फरशी असली तर हे दिसणारच नाही. मोठ्या झाडाची मुळं मेली की त्यांच्या पोकळीतून पाण्याला वाट मिळते, म्हणून झाडं लावायची ती पायथ्यापासून लांब लावा.

आपल्या काळ्या मातीचा स्वभाव तर तुम्हाला माझ्यापेक्षा ठाऊक. उन्हात ती भेगाळते, पाण्याने फुगते. गाभ्यात दाबून भरलेली, वरून मुरमाने झाकलेली असेल तर ती पाणी उत्तम अडवते. उघड्या माथ्यावर तिला खोल भेगा पडतात. दुष्काळात तळं आटावं आणि पुढच्याच वर्षी एका रात्रीत तुडुंब भरावं, ही तिची सर्वांत अवघड परीक्षा, आणि मराठवाड्यात ती ठरलेलीच. ऑगस्ट 2025 मध्ये मुखेड तालुक्यात ढगफुटीसारख्या पावसाने 200 मिलिमीटरचा आकडा ओलांडला. आपण त्याच्या निम्म्या पावसाचा हिशेब करू. पाणलोट एक चौरस किलोमीटर, दोन तासांत 100 मिलिमीटर पाऊस, त्यातला सत्तर टक्के वाहून आला, तरी सेकंदाला जवळजवळ 10 हजार लिटर पाणी तळ्यात शिरतं. फूटभर व्यासाच्या पाइपातून त्यातलं अगदी थोडंच बाहेर पडेल. उरलेलं सांडव्यातून गेलं नाही तर पाळूवरून जाणार, आणि मातीच्या पाळूला ते सहसा सोसत नाही.

‘इतकी वर्षं काही झालं नाही’ हे तुमचं सर्वांत वजनदार म्हणणं मला मान्य आहे, पण त्या वर्षांत ही पाळू बाराही महिने काठोकाठ पाणी धरून कधी उभी होती? सवय एका वापराची आणि भार दुसऱ्याच वापराचा टाकायचा, तर जुना अनुभव कामाचा उरत नाही. दुसरी अडचण पैशाची. सांडवा रुंद करून दगडी पिचिंग करायला खर्च आहे, शिवाय त्याने पाहुण्यांना काही नवं दिसत नाही. पण स्वतःच्या जमिनीत साठवलेलं पाणी सुटून शेजाऱ्याचं नुकसान झालं तर मालक जबाबदार, हे तत्त्व इंग्लंडमध्ये 1868 साली रायलंड्स विरुद्ध फ्लेचर या खटल्यात पक्कं झालं, आणि तो खटलाही एका खाजगी तलावाचाच होता. आपल्याकडची न्यायालयंही ते तत्त्व जाणतात. लोंढ्याला जागा ठेवण्यासाठी पाणी दीड मीटर खाली राहिलं तर शोभा जाईल, हेही तितकंसं खरं नाही. बोटीला दोन मीटर खोली पुष्कळ होते.

म्हणून बोटींची ऑर्डर थांबवा. जलसंधारणाच्या कामातला एखादा निवृत्त अभियंता गाठून त्याच्याकडून पाणलोट मोजून घ्या आणि त्याने दिलेल्या मापाचा सांडवा मृगाआधी पुरा करा. तळातून पाणी सोडायची व्यवस्था चालते का, तेही त्याच्यासमोर उघडून बघा. खालच्या वस्तीच्या सरपंचांना नंबर द्या, आणि अतिवृष्टीच्या रात्री पाळूवर कोण जाणार त्याचं नाव आत्ताच ठरवा. अभियंता कुठल्या दिवशी येतो ते कळवा, मीही येतो.

तुमचा भाचा