खडकीची पुंगळी, अल ऐनची बंदूक

अमिरातीत पाहुणे आले की आपला कार्यक्रम ठरलेला असतो. पहिल्या दिवशी बुर्ज खलिफा, दुसऱ्या दिवशी देऱ्याचा सोनेबाजार आणि अबऱ्यातून खाडीची फेरी, तिसऱ्या दिवशी वाळवंटातली सफारी. चौथ्या दिवशी सगळेच दमलेले, म्हणून मॉल. पाचवा दिवस उरलाच तर कुणीतरी सुचवतं, "अल ऐनला जाऊ या, तिथे झाडं आहेत." मग जेबेल हफीतचा घाट चढायचा, वर थर्मासमधला चहा प्यायचा, फोटो काढायचे आणि अंधार पडायच्या आत परत. आम्हीही अल ऐन कित्येक वर्षं असंच पाहत आलो. गेल्या हिवाळ्यात मात्र तिथे जायला निराळंच निमित्त मिळालं. एक जुनी लष्करी बंदूक पाहायची होती.

वाचकहो, दचकू नका. बंदूक आम्हाला घ्यायची नव्हती, आणि घ्यायची म्हटली तरी घेता आली नसती. ती घ्यायची होती आमच्या ऑफिसातल्या एका अमिराती सहकाऱ्यांना. आपण त्यांना अबू सैफ म्हणू. त्यांच्याकडे रीतसर परवाना आहे. शूटिंग क्लबात पॉइंट टू-टू रायफलीवर त्यांचा हात बसलेला आहे आणि आता त्यांना पहिली 'मोठी' बंदूक हवी होती. अबू धाबीत २००३ पासून शिकार आणि घोडेस्वारीचं मोठं प्रदर्शन भरतं. परवानाधारक नागरिकांना तिथे बंदुका विकत घेता येतात. अबू सैफ तिथे जाऊन आले, दुर्बीण लावलेल्या चकचकीत रायफली हाताळून आले, आणि मन रमलं नाही म्हणाले. अल ऐनला त्यांच्या दूरच्या काकांकडे एक जुनी ली-एनफिल्ड होती. पोलिसांकडे नोंद करून काका ती त्यांच्या नावे करून द्यायला तयार होते. "तुम्ही मेकॅनिकलवाले, येऊन लोखंड बघा," असं त्यांनी आम्हाला सांगितलं.

ज्यांचा कॉलेजात एन.सी.सी.शी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. टू-टूच्या काडतुसात पेट घेणारा मसाला पितळी पुंगळीच्या कडेत भरलेला असतो. घोडा कडेवर आपटतो, म्हणून ती रिमफायर. मोठ्या रायफलीच्या काडतुसात बुडाच्या मध्यभागी वेगळी टोपी बसवलेली असते, अगदी आपल्या दिवाळीतल्या टिकलीसारखी. घोडा बरोबर तिच्यावर पडतो, म्हणून ती सेंटरफायर. जाड बुडामुळे पुंगळी जास्त दाब सोसते. टू-टूची गोळी अडीच ग्रॅमच्या आसपास, तर थ्री नॉट थ्रीची सव्वाअकरा ग्रॅम, आणि सुटते सेकंदाला सुमारे ७४० मीटर वेगाने. हिशेब केला तर नळीतून बाहेर पडताना तिची ऊर्जा टू-टूच्या वीसपटीहून जास्त भरते. सायकलवरून एकदम बुलेटवर बसण्यासारखा हा प्रकार आहे.

मग पहिलीच मोठी बंदूक ऐंशी वर्षांची का घ्यायची? अमेरिकेत एम.एस. करत असताना आम्हालाही हा प्रश्न पडला होता. तिथल्या दुकानांत रशियन मोसिन-नागांत रायफली पिंपात छत्र्या ठेवाव्यात तशा उभ्या ठेवलेल्या असत. किंमत शंभर डॉलरच्या आतबाहेर. लॅबमधल्या एका मित्राने पहिली सेंटरफायर म्हणून तीच घेतली. त्याचं म्हणणं असं की स्वस्त आहे, भक्कम आहे, युद्धासाठी केलेली असल्याने चिखलात पडली तरी चालते, आणि उघडून सगळं समजून घेता येतं. त्याच्या म्हणण्यात तथ्य होतं. पण बंदूक स्वस्त म्हणून आणलेल्या जुन्या गोळ्या त्याहून स्वस्त होत्या, आणि त्यांच्या टोपीतल्या मसाल्याने नळीत क्षार उरत. हे क्षार हवेतला ओलावा ओढतात आणि पोलाद गंजवतात. त्यामुळे प्रत्येक वेळी नळीत उकळतं पाणी ओतून, पुसून, तेल लावेपर्यंत त्याची संध्याकाळ जात असे. जुनी बंदूक घेणं सोपं, सांभाळणं हे व्रत, एवढं आमच्या तेव्हाच लक्षात आलं.

तर एका शनिवारी सकाळी आम्ही सहकुटुंब निघालो. दुबईहून अल ऐन दीड तासाचा रस्ता. काकांच्या मजलिसमध्ये बूट काढून बसलो. खजूर आले, गहवा आला. कप हलवून 'पुरे' म्हणायची खूण आता आमच्या मुलांनाही येते. मग काकांनी गालिच्यावर कापड अंथरून त्यावर बंदूक ठेवली. "बुंदुक," ते म्हणाले. आपण ज्याला बंदूक म्हणतो तोच हा शब्द, अरबीतून आपल्याकडे आलेला. काकांना जुनं हिंदी उत्तम येतं. त्यांच्या लहानपणी इथे रुपयाच चालायचा. आपल्या रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये आखातासाठी खास वेगळा रुपया काढला होता आणि तो इथे १९६६ पर्यंत चालला.

आधी बंदूक रिकामी असल्याची खात्री केली. मग बोल्टवरचा नंबर बॉडीवरच्या नंबराशी ताडून पाहिला. तो जुळला. हे महत्त्वाचं, कारण दुसऱ्या रायफलीचा बोल्ट बसवलेला असेल तर काडतूस आणि बोल्ट यांच्यामधली फट बिघडू शकते. फट जास्त असली तर पुंगळी फाटून तप्त वायू मागे, म्हणजे नेमबाजाच्या तोंडाकडे येऊ शकतो. उजेडाकडे धरून नळीतून पाहिलं. आटे दिसत होते, पण तोंडाशी झिजलेले. पूर्वी दोरीला चिंधी बांधून नळी साफ करत. ती दोरी वर्षानुवर्षं एकाच बाजूला घासली की असं होतं. लाकडाला एक जुनी चीर होती. ती तांब्याच्या तारेने सुबक आवळलेली. वजन चार किलोच्या आसपास. दहा गोळ्यांची पेटी. गोळ्या भरताना प्रत्येकीची कड खालच्या गोळीच्या कडेच्या पुढे ठेवायची, नाहीतर त्या एकमेकींत अडकतात, हे काकांनी बोटांनी करून दाखवलं. त्यांची बोटं ते विसरली नव्हती.

मग मुठीजवळच्या पट्टीवरचं तेल पुसलं आणि अक्षरं वर आली. वर मुकुट, खाली 'ईशापूर', त्याखाली १९४२. ही बंदूक इंग्लंडची नव्हतीच. कोलकात्याजवळच्या ईशापूरच्या कारखान्यात ती घडली होती.

ती इथवर कशी आली? नेमकं काकांनाही ठाऊक नाही. त्यांच्या वडिलांनी ती उंट देऊन घेतली एवढंच त्यांनी ऐकलेलं. पण या किनाऱ्यावर बंदुकांची ये-जा जुनी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मस्कत ही बंदुकांची मोठी पेठ होती. तिथून गलबतांतून मकरानच्या किनाऱ्याला आणि पुढे हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीपर्यंत माल जायचा. तो ब्रिटिशांच्याच सैन्यावर रोखला जायचा, म्हणून त्यांचं आरमार समुद्रावर पहारा देत असे. २४ डिसेंबर १९१० रोजी 'हायसिंथ' या युद्धनौकेचे सैनिक चोरट्या बंदुका शोधायला दुबईत उतरले. चकमक झाली. दुबईचे ३७ जण मारले गेले, ब्रिटिशांचेही काही. वर दुबईच्या शेखांकडे दंड मागण्यात आला तो ४०० चालू स्थितीतल्या बंदुका आणि पन्नास हजार रुपये असा. ज्या खाडीत आपण पाहुण्यांना एका दिर्हमात अबरा दाखवतो तिथला हा इतिहास. त्या काळी या माणसांना बंदूक म्हणजे मिरवायची वस्तू नव्हती. विहीर, उंट आणि खजुराची बाग राखण्याचं ते साधन होतं. आज अय्यालाच्या नाचात हवेत फेकून झेलल्या जाणाऱ्या बंदुकांमागे हेच आहे. युनेस्कोने २०१४ मध्ये अय्यालाला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

बंदुकीबरोबर काकांनी बिस्किटांचा एक डबाही पुढे केला. त्यात जुनी काडतुसं आणि काही रिकाम्या पुंगळ्या होत्या. आमच्या सौ.ने चष्मा लावून एका पुंगळीचं बूड पाहिलं आणि गप्प झाली. बुडावर 'के' आणि 'एफ' ही दोन अक्षरं होती आणि ४३ हा आकडा. के. एफ. म्हणजे कर्की फॅक्टरी, आपली खडकी. १८६९ पासून चालू असलेला पुण्याचा दारूगोळा कारखाना. सौ.चं माहेर तिथलंच आणि तिचे आजोबा त्याच कारखान्यात कामाला. भोंगा झाला की आजोबा डबा घेऊन निघायचे, आणि आत काय करतात ते घरी कधी बोलायचे नाहीत. १९४३ साली ते पंचवीस वर्षांचे होते. ही पुंगळी त्यांच्या हाताखालून गेली असेल असं म्हणायला काही आधार नाही. पण गेलीच नसेल असंही कुणाला म्हणता येणार नाही.

काकांना हे सांगितल्यावर त्यांनी ती पुंगळी सौ.च्या हातावर ठेवून तिची मूठ मिटली. "ये तो तुम्हारे गाँव का है बेटी, रख लो."

आता इथे खरा पेच होता. पुंगळी रिकामी होती, पण विमानतळाच्या यंत्रात ती काडतूस म्हणूनच दिसते, आणि पुढचे खुलासे आपण द्यायचे असतात. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय जिवंत काडतूस बाळगणं हा गुन्हा आहे. इथे २०१९ चा शस्त्रांविषयीचा कायदा त्याहून कडक आहे आणि परक्या नागरिकाला सवलत नाही. आठवण म्हणून गोळीची किल्लीसाखळी बॅगेत टाकणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. सौ.ने पुंगळी कपाळाला लावली आणि डब्यात परत ठेवली. काकांना आधी वाईट वाटलं. मग अबू सैफनी अरबीत समजावल्यावर ते म्हणाले, "मग ती इथेच राहील. तुमची म्हणून." त्यांनी ती डब्यातून काढून खिडकीत वेगळी ठेवली.

परतताना मागच्या सीटवरून मुलाने विचारलं, "बाबा, आपण इथे का नाही घेऊ शकत बंदूक? माझा जन्म तर इथलाच." आम्ही सांगितलं की ती नागरिकांनाच मिळते. "आणि भारतात?" तिथेही थ्री नॉट थ्री मिळत नाही, ती लष्करी मापाची. म्हणून तर ईशापूरलाच सामान्य परवानाधारकांसाठी 'तीनशे पंधरा' नावाची वेगळ्या मापाची रायफल करतात. लष्कराची गोळी प्रजेच्या बंदुकीत बसू नये, हा इंग्रजी आमदानीतला सावधपणा आजही चालू आहे. इकडे परके म्हणून नाही, तिकडे प्रजा म्हणून नाही. मुलगा काही वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पण बनवली तर आपणच ना?" याला आमच्याकडे उत्तर नव्हतं, आणि गरजही वाटली नाही.

अबू सैफना आम्ही स्पष्ट सांगितलं की आम्हाला लोखंड कळतं, पण बंदुकीला 'पास' म्हणायचा अधिकार जाणत्या कारागिराचा, आणि तोही गेज लावून. सोनारानेच कान टोचावेत. डब्यातल्या जिवंत गोळ्या अजिबात उडवू नका, त्या पोलिसांकडे जमा करा. थ्री नॉट थ्रीच्या नव्या गोळ्या चेक प्रजासत्ताकात आणि सर्बियात आजही बनतात. कारागिराने तपासून फट मापात असल्याचा निर्वाळा दिला. नळी झिजलेली असल्याने नेम फार बारीक लागणार नाही असंही बजावलं. अबू सैफनी तरीही तीच घेतली. "आजोबांचा नेम लागायचा, मला शिकावं लागेल," एवढंच ते म्हणाले.

आपल्यालाही हा वारसा जवळून पाहता येतो. अल ऐनला गेलात तर हफीतच्या आधी जाहिली किल्ल्यात थांबा. १८९० च्या दशकात शेख झायेद बिन खलिफा यांनी तो बांधला. १९५० च्या दशकात तिथे ट्रूशियल ओमान लेव्हीज या दलाचा तळ होता. हे दल १९५१ मध्ये शारजात उभं राहिलं आणि १९५६ मध्ये त्याचं नाव 'स्काउट्स' झालं. त्यांच्या खांद्यावरही ली-एनफिल्डच असे. आत विल्फ्रेड थेसिजरच्या छायाचित्रांचं कायमचं प्रदर्शन आहे. कमरेला काडतुसांचे पट्टे बांधलेले बदू त्यात भेटतील. हिवाळ्यात सकाळी लवकर जा, पोरांना तटावरून फिरू द्या, आणि ते पट्टे जरा निरखून पाहायला सांगा. बुडावरची अक्षरं फोटोत दिसणार नाहीत. पण खडकीचं, देहू रोडचं, वरणगावचं कुणी बरोबर असेल तर कारखान्याच्या गोष्टी आपोआप निघतील.