एकोणिसाव्या क्रमांकाचं ऋण

मी खासबागेतला. बेळगावच्या दक्षिण अंगाला असलेल्या या आमच्या भागात मागाच्या खडखडाटातच पोरं मोठी होतात. आप्पा मागावर होते, आई कांड्या भरायची. शाळेच्या शर्यतीत मी पळायचो. नंबर आला तर घरी सांगायचं, नाही आला तर दप्तर टाकून गुपचूप जेवायला बसायचं, खेळातलं मला तेवढंच कळत होतं.

गल्लीत तात्या राहायचे, निवृत्त शिक्षक. एकदा शर्यतीत मागे पडून आलो, तेव्हा त्यांनी कट्ट्यावर बोलावून विचारलं, ‘‘फडेप्पा चौगुले ठाऊक हाईत काय रे तुला?’’ मी म्हटलं, ‘‘पैलवान काय ओ?’’ आमच्या भागात मोठं नाव घेतलं की ते कुस्तीतलंच असणार, अशी माझी समजूत. तात्या रागावले नाहीत. त्या संध्याकाळी त्यांनी जे सांगितलं, त्यावर मी आजवर पळतो आहे.

फडेप्पा दरेप्पा चौगुले आमच्या बेळगावचे. १९२० साली अँटवर्पच्या ऑलिम्पिकमध्ये ते मॅरेथॉन धावले. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. त्याआधी पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींना सर दोराबजी टाटा अध्यक्ष म्हणून आले होते. धावणारी बरीच पोरं शेतकऱ्यांच्या घरची, अनवाणी. तरीही त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास जातात, हे दोराबजींनी हेरलं आणि संघ पाठवायचा विचार मांडला. शंभर यार्ड धावायला किती वेळ लागावा, असं समितीत विचारलं गेलं, तर एका सभासदाने मिनिटांच्या भाषेत उत्तर दिलं म्हणे. इथे सेकंदाच्या दहाव्या भागाचा हिशेब असतो, हे सांगितल्यावर तो गृहस्थ थक्क झाला. इतक्या अजाण व्यवस्थेतून चौगुले, साताऱ्याचे सदाशिव दातार, कोल्हापूरचे पैलवान रणधीर शिंदे अशी मंडळी बोटीने निघाली. खर्चाचा मोठा भार दोराबजींनी स्वतः उचलला. शिंदे कुस्तीत चौथे आले. दातारांना मॅरेथॉन पूर्ण करता आली नाही. चौगुले २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत पोहोचले आणि एकोणिसावे आले.

मी चटकन म्हणालो, ‘‘एकोणिसावा म्हणजे हरलेच की!’’ तात्यांनी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर मला भागाकार घालायला लावला. अँटवर्पची मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची होती, ऑलिम्पिकच्या इतिहासातली सर्वांत लांब. दहा हजार दोनशे पंचेचाळीस सेकंद भागिले पावणेत्रेचाळीस किलोमीटर. उत्तर आलं, किलोमीटरला जवळजवळ नेमकी चार मिनिटं. तात्या म्हणाले, ‘‘आता तू जा नि चार मिनिटांत एक किलोमीटर पळून ये. मग ते हरले की जिंकले, ते सांग.’’

दुसऱ्या दिवशी पहाटे कॅम्पातल्या शांत रस्त्यावर मी घड्याळ लावून पळालो. एका किलोमीटरला चार मिनिटं कशीबशी जमली, पण दुसऱ्या किलोमीटरला पाय उचलेनात. चौगुल्यांनी असे बेचाळीस किलोमीटर एकामागून एक ओढले होते आणि वर आणखी पाऊण. पहिला आलेला फिनलंडचा हानेस कोलेहमाइनेन, त्याची वेळ २ तास ३२ मिनिटं ३५ सेकंद. दोघांत अठरा मिनिटांचं अंतर होतं खरं, पण चौगुल्यांच्याही मागे कितीजण राहिले असतील, हे मला त्या रस्त्यावर धापा टाकताना उमगलं. नंबर दुसऱ्यांच्या हातात असतो. किलोमीटरचा हिशेब तेवढा आपला.

घरी आप्पांना हे सांगितलं. ते मागावरून मान न वळवता म्हणाले, ‘‘मागाचं बी असंच हाय बघ. एकदम जोर लावलास तर सूत तुटतंय. जोडत बसलास की दिवस गेला.’’ धावण्याचा वेग कसा राखायचा, हे मला कुठल्याही पुस्तकाआधी आप्पांनी शिकवलं.

पुढे मी ट्रायथलॉनकडे वळलो. पोहणं, सायकल आणि धावणं, तिन्ही एका दमात. १९७८ साली हवाईत सुरू झालेल्या आयर्नमॅनमध्ये ३.८ किलोमीटर पोहून १८० किलोमीटर सायकल मारल्यावर शेवटी पूर्ण मॅरेथॉन उरते. २००० साली सिडनीत हा खेळ ऑलिम्पिकमध्येही आला, अर्थात कमी अंतराचा. आमच्या आवाक्यातली शर्यत म्हणजे गोव्याची, २०१९ पासून मिरामारला होणारी आयर्नमॅन ७०.३. तिच्यात १.९ किलोमीटर समुद्रात, ९० सायकलवर आणि २१.१ पायांवर. बेळगावातल्या गोवावेसच्या तलावात पोहायला शिकलो तेव्हा वय पोरांना शिकवायचं झालं होतं. सायकल घ्यायला आप्पांनी भिशीचे पैसे दिले. त्यांनी स्वतः कधी पोहणं पाहिलं नव्हतं, की इतक्या महागाची सायकल.

मिरामारला सायकल ठेवून धावायला लागलो की मांड्या आपल्या राहत नाहीत. दमट हवा, डोक्यावर ऊन, आणि पुढे कुणीतरी वेगाने निघून जातं. त्याच्या मागे लागावंसं वाटतं. तिथे मला तात्यांचा भागाकार आठवतो, आप्पांचं सूत आठवतं, आणि पाय मुकाट आपल्या मापात पडतात. मी कुठल्याही फलकावर वर नसतो, पण शर्यत पुरी करतो.

आता सोयी किती झाल्या. पुण्यात कौस्तुभ राडकरांसारखे, स्वतः अनेक आयर्नमॅन पुरे केलेले प्रशिक्षक आहेत. मनगटावरचं घड्याळ हृदयाचे ठोके मोजतं. चौगुल्यांच्या हाती इंग्लंडातला थोडा सराव आणि स्वतःचा दम, एवढंच होतं. त्या पहिल्या संघानंतर १९२७ साली भारतीय ऑलिम्पिक संघटना उभी राहिली, दोराबजी तिचे पहिले अध्यक्ष. आज गावोगावच्या पोरांना जिल्हा, राज्य, राष्ट्रीय अशी शिडी दिसते, तिच्या पायथ्याशी त्या संघातले सहाजण आहेत. त्यांतला एक आपल्या बेळगावचा, हे बेळगावात किती घरांत ठाऊक असेल?

तात्या गेले, आप्पाही गेले. चौगुल्यांना तर मी पाहिलेलंच नाही. या तिघांचं देणं परत कसं करायचं, याचा एकच मार्ग मला सुचला. खासबाग, वडगाव, शहापूर भागातली पोरं सकाळी कॅम्पात पळायला आणतो, त्यांना वर्तमानपत्राच्या कडेवर तोच भागाकार घालायला लावतो. वाचणाऱ्यांकडे एवढंच मागणं आहे. तुमच्या गल्लीत पहाटे पळणारं पोर असेल, तर त्याला ‘कितवा आलास’ असं विचारू नका. ‘किती वेळात पोहोचलास’ ते विचारा, आणि जमलं तर त्याच्या पुढच्या स्पर्धेची फी भरा.