तिसरं नाव

जपानमधल्या एका पेटंटवर संशोधक म्हणून तीन नावं आहेत. तिसरं माझं. पेटंटची मालकी एक कंपनी आणि एक विद्यापीठ यांच्यात निम्मी-निम्मी आहे. माझा त्यात हिस्सा नाही, आणि तशी अपेक्षाही नव्हती. पण ते तिसरं नाव तिथे लागलं ते एका माणसामुळे. ते आता हयात नाहीत. आपलं नाव छापून आलेलं त्यांना आवडलं नसतं, म्हणून लिहीत नाही. मनातल्या मनात मी त्यांना काका म्हणायचे. समोर अर्थातच आडनावाला 'सान' जोडून.

कावासाकी हे कारखान्यांचं गाव. तोशिबा, फुजित्सू, एनईसी यांच्या इथल्या प्रयोगशाळांत कित्येक पिढ्यांनी आयुष्यं काढली. काकांनीही अशाच एका कंपनीच्या पेटंट विभागात उमेदीची सगळी वर्षं घालवली आणि निवृत्तीनंतर ते आमच्या प्रकल्पाचे करार बघायला येऊ लागले. शिन-कावासाकी स्टेशनजवळ पूर्वी मालगाड्यांचं अवाढव्य यार्ड होतं. त्याच जागेवर शहराने नवउद्योगांसाठी आणि विद्यापीठांसाठी इमारती उभ्या केल्या. त्यातल्या एकीत मी पीएचडीचं काम करत होते: घामातले क्षार मोजणारी पातळ पट्टी. पैसा कंपनीचा, प्राध्यापक विद्यापीठाचे, हात माझे.

पहिल्याच आठवड्यात विद्यापीठाच्या कचेरीतून एक कागद सहीसाठी आला. मी पेन उघडलं, तेवढ्यात काका म्हणाले, "थांब. आधी वाच. कळलं नाही तर मला विचार." मग त्यांनी मला समजावलं ते असं. जपानच्या पेटंट कायद्याचं 35 वं कलम नोकरीत लागलेल्या शोधाबद्दल आहे. प्राध्यापक विद्यापीठाचे नोकर, इंजिनिअर कंपनीचा नोकर. विद्यार्थी कोणाचाच नोकर नसतो, तो तर फी भरतो. म्हणून त्याच्या डोक्यातून निघालेली कल्पना तो लिहून देईपर्यंत त्याचीच असते. माझ्यासमोरचा कागद म्हणजे ती लिहून देण्याचा कागद होता. "देऊ नकोस असं म्हणत नाही," ते म्हणाले. "काय देतेस आणि बदल्यात काय मिळतं ते माहीत असू दे." त्या दुपारी आम्ही तो कागद ओळीओळीने वाचला. प्राध्यापकांना परताव्यात जो वाटा मिळतो तोच विद्यार्थ्यालाही मिळेल, असं एक वाक्य त्यांनी त्यात घालून घेतलं. मग मी सही केली.

त्यांचा दुसरा आग्रह वहीचा. शिवलेली वही, पानांना छापील क्रमांक, शाईचं पेन. दिवस संपला की शेवटच्या ओळीखाली उरलेल्या कोऱ्या जागेवर तिरकी रेघ मारायची, म्हणजे नंतर कोणाला तिथे काही घुसवता येत नाही. खाली माझी सही आणि तारीख, शेजारी ज्याचा या कामाशी संबंध नाही अशा कोणाची तरी साक्ष. काका शुक्रवारी येऊन पानं चाळत आणि रेघ राहिलेली दिसली की काही न बोलता त्या जागेवर बोट ठेवत.

पेटंटचा मसुदा आला तेव्हा त्यात संशोधक म्हणून दोनच नावं होती, प्राध्यापकांचं आणि कंपनीच्या इंजिनिअरचं. मला बोलायचं धाडस झालं नसतं. परदेशी, विद्यार्थिनी, त्यात शिष्यवृत्तीवर. काका वही घेऊन बैठकीला गेले. पट्टीचे थर उलट्या क्रमाने चढवायची कल्पना ज्या पानावर पहिल्यांदा आली होती, ते पान उघडून त्यांनी टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "कंपनीने पैसा दिला, म्हणून मालकी तिला मिळेल. पण संशोधक कोण हे पैशाने ठरत नाही." पुढच्या मसुद्यात तिसरं नाव होतं.

हे ते इतक्या ठामपणे सांगू शकले, कारण जुना काळ त्यांनी पाहिला होता. राष्ट्रीय विद्यापीठातल्या प्राध्यापकाचा शोध बहुधा त्याच्या स्वतःच्याच नावावर राही. प्राध्यापक तो कंपनीच्या हवाली करी आणि कंपनी प्रयोगशाळेला देणगी देई. सगळं विश्वासावर. 1998 आणि 1999 च्या कायद्यांनी हे बदलू लागलं, आणि एप्रिल 2004 मध्ये राष्ट्रीय विद्यापीठं स्वायत्त झाल्यावर ती स्वतःच्या नावाने पेटंट घेऊ लागली. त्याच वर्षी फुजिओ मासुओका यांनी आपल्या शोधाच्या मोबदल्यासाठी तोशिबावर दावा लावला. फ्लॅश मेमरी त्यांनी तोशिबात असताना शोधली. दावा लावला तेव्हा ते तोहोकू विद्यापीठात प्राध्यापक होते. मागणी 100 कोटी येनची होती, 2006 मध्ये 8 कोटी 70 लाखांवर तडजोड झाली. आज ज्याच्या खिशात मोबाईल आहे तो त्या शोधावर जगतो आहे. काका या खटल्याबद्दल बोलताना कोणाचीच बाजू घेत नसत. एवढंच म्हणत, की हे बोलणं सुरुवातीलाच व्हायला हवं होतं.

निम्म्या मालकीचा अर्थही त्यांनीच उलगडला. 73 व्या कलमाप्रमाणे सहमालक दुसऱ्याला न विचारता शोध वापरू शकतो, पण तिसऱ्या कोणाला परवाना द्यायचा तर दुसऱ्याची संमती लागते. सामाईक विहिरीत दोघा भावांचा अर्धा-अर्धा हिस्सा, पण शेत एकाचंच, अशातली ही गत. कंपनीकडे कारखाना आहे, विद्यापीठाकडे नाही. म्हणून जपानी विद्यापीठं करारातच वेगळा मोबदला मागतात आणि कंपन्या त्यावर घासाघीस करतात. आमच्या करारात ते कलम तीन बैठका अडून राहिलं होतं. प्रबंधाच्या जाहीर सादरीकरणाआधी अर्ज दाखल व्हावा म्हणून काका रोज फोन करत. स्वतःच आधी उघड केलेल्या शोधासाठी अर्ज करायला तेव्हा सहा महिन्यांचीच सवलत होती, 2018 पासून ती वर्षाची झाली. पण युरोपात तशी सवलत मिळत नाही, हे त्यांच्या डोक्यात पक्कं होतं.

त्यांच्या ऋणातून उतराई होणं शक्य नाही, पण त्यांनी दिलेलं पुढे देता येतं, म्हणून हे लिहिते आहे. आपल्या 1970 च्या पेटंट कायद्यात जपानच्या 35 व्या कलमासारखं कलमच नाही. सरकारी पैशातून होणाऱ्या संशोधनाच्या मालकीबद्दलचं विधेयक 2008 मध्ये राज्यसभेत आलं आणि पुढे मागे घेतलं गेलं. तेव्हा आपल्याकडे जे काही ठरतं ते संस्थेच्या धोरणाने आणि तुमच्या सहीने. सहमालकांबद्दल 50 वं कलम आहे, तेही परवान्याला सगळ्यांची संमती मागतं. आणि पेटंटवर संशोधक म्हणून नाव लागावं यासाठी 28 वं कलम आहे. पुण्या-मुंबईत कंपनीच्या पैशावर पीएचडी करणाऱ्या मुलामुलींनो, मार्गदर्शकांकडे त्या कराराची प्रत मागा. ती मागण्यात उद्धटपणा नाही. वाचून काही अडलं तर संस्थेच्या पेटंट कक्षात जाऊन विचारा, आणि मगच सही करा.