एका वलयाचे धनुष्य

उत्तर अमेरिकेत लाकडी धनुष्यासाठी सर्वांत नावाजलेले लाकूड ओसेज ऑरेंज या काटेरी झाडाचे. टेक्सास, ओक्लाहोमा आणि आर्कान्सा या राज्यांतले रेड नदीचे खोरे हे त्याचे मूळ ठिकाण. झाड तुती-फणसाच्या कुळातले. फळ हिरवे, खडबडीत आणि चिकट चिकाचे. ओसेज आणि कोमांची लोक याच लाकडाची धनुष्ये करत. 1804 साली मेरीवेदर लुईसने त्याच्या फांद्या सेंट लुईसहून अध्यक्ष जेफरसनकडे पाठवल्या. पुढे काटेरी तार प्रचारात येईपर्यंत, म्हणजे 1870 च्या दशकापर्यंत, प्रेअरीतले शेतकरी या झाडांची जिवंत कुंपणे लावत. त्यामुळे ते मूळ खोऱ्याबाहेर दूरवर पसरले आणि त्या जुन्या कुंपणांतून कारागिरांना आजही लाकूड मिळते.

धनुष्य ओढले की त्याच्या दोन बाजूंवर दोन उलट बले काम करतात. धनुर्धराच्या विरुद्ध दिशेची बाजू म्हणजे पाठ. ती ताणली जाते. त्याच्याकडची बाजू म्हणजे पोट. ते दाबले जाते. तंतूंच्या दिशेने बहुतेक लाकडे दाबापेक्षा ताण पुष्कळ जास्त सोसतात, पण पाठीवरचे तंतू टोकापासून टोकापर्यंत अखंड असले तरच. एखादा तंतू मध्येच कापला गेला की तिथून चीर सुटते आणि धनुष्य एका क्षणात फुटते. पोटाचे नुकसान सावकाश होते: तंतू चेंगरतात, आडव्या बारीक सुरकुत्या उमटतात आणि धनुष्याला कायमचा बाक येतो. पाठ अखंड राखायची आणि पोट चेंगरू द्यायचे नाही, या दोन अटींतून कामाची सगळी पद्धत ठरते.

झाड शक्यतो हिवाळ्यात तोडतात. सरळ, गाठी नसलेला, पीळ न पडलेला बुंधा निवडून तो पाचरींनी फोडतात. करवतीची रेघ तंतूंना जुमानत नाही, फोड मात्र तंतूंच्याच वाटेने जाते. म्हणून फोडलेला फाळका किंचित वाकडा निघाला तरी कापलेल्या सरळ फळीपेक्षा भरवशाचा असतो. दोन्ही टोके लगेच मेणाने किंवा सरसाने बंद करावी लागतात, नाहीतर टोकांतून पाणी झपाट्याने उडून लाकूड उभे तडकते. मग ते सावलीत वाळते. आर्द्रता आठ ते दहा टक्क्यांवर आली की लाकूड कामाला तयार झाले असे समजतात. त्याहून ओले लाकूड लवकर बाक धरते आणि फार सुकलेले काचेप्रमाणे तुटते.

यानंतरचे काम या कलेचा गाभाच म्हणायला हवे. ओसेजच्या प्रत्येक वार्षिक वलयात वसंतातला सच्छिद्र, ठिसूळ पापुद्रा आणि उन्हाळ्यातले घट्ट, जड लाकूड असे दोन थर असतात. साल आणि तिच्यालगतचे पांढरे लाकूड काढून टाकल्यावर आतला पिवळाधमक गाभा दिसतो. त्यातले एक जाड वलय निवडायचे आणि धनुष्याच्या सबंध लांबीभर पाठीवर तेवढे एकच वलय उघडे ठेवायचे. दोन मुठींच्या पात्याने वरची वलये एकामागून एक उतरवली जातात. सच्छिद्र थर लागला की पात्याचा आवाज बदलतो, कुरकुरीत होतो. त्याच्या खाली निवडलेले वलय असते. तिथून पुढे पाते बाजूला ठेवून बोथट धारेने खरवडत जायचे. गाठ आली तर तिच्याभोवती वलयाचा उंचवटा राखायचा, तो सपाट करायचा नाही. इथे घाई केल्याचे फळ धनुष्य पुरते ओढले जाईपर्यंत दिसत नाही, आणि दिसते तेव्हा उपाय उरलेला नसतो.

आकाराचे हिशेब त्यामानाने सोपे. 28 इंच ओढीसाठी साधारण 66 इंच लांबी, मुठीजवळ दीड इंच रुंदी आणि टोकांकडे निमुळते होत अर्धा इंच, हे प्रमाण ओसेजला मानवते. रुंदी दुप्पट केली तर ताठपणा दुप्पट होतो. जाडी दुप्पट केली तर आठपट. म्हणूनच शेवटी पोटावरून कागदाइतका पापुद्रा काढला तरी ओढीचे वजन हाताला जाणवण्याइतके उतरते.

दोन्ही बाहू सारखे वाकवण्याच्या कामाला सर्वांत जास्त वेळ लागतो. धनुष्य भिंतीवरच्या आडव्या खुंटावर मुठीत टेकवून सैल दोरीने खाली ओढतात आणि लांब उभे राहून त्याची कमान न्याहाळतात. जिथे बाहू सरळ दिसतो तिथे पोट खरवडायचे. जिथे कोन पडतो तिथे हातही लावायचा नाही. प्रत्येक खरवडणीनंतर धनुष्य वीस-तीस वेळा थोडे थोडे ओढावे लागते, कारण लाकूड हा बदल सावकाश स्वीकारते. ठरवलेल्या वजनापलीकडे, क्षणभर का होईना, ते कधीच ओढायचे नाही. पन्नास पौंडांचे धनुष्य करायचे असेल तर अपुऱ्या कामात त्यावर साठ पौंड घालणे म्हणजे पोट चेंगरणे. तयार धनुष्याचेही दोन नियम आहेत: काम झाले की दोरी उतरवावी आणि बाण न लावता दोरी कधीही सोडू नये.

पाठीला मजबुती देण्याचा दुसरा मार्ग जनावराच्या कंडरांच्या (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांच्या) तंतूंचा आहे, आणि त्याची सर्वांत तपशीलवार नोंद इशी या माणसामुळे झाली. कॅलिफोर्नियातल्या ‘याही’ नावाच्या लोकांचा एकोणिसाव्या शतकात वसाहतवाल्यांनी संहार केला. त्यांतला अखेरचा माणूस ऑगस्ट 1911 मध्ये ओरोव्हिल गावाजवळ एकटा बाहेर आला. त्याने आपले खरे नाव कधी सांगितले नाही. ‘इशी’ हे नाव मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यांनी दिलेले. सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात राहताना तो जुनिपरच्या लाकडाची आखूड, चपटी धनुष्ये करून दाखवी. हरणाच्या कंडरा चावून मऊ करून तो त्या सामन माशाच्या कातडीच्या सरसाने पाठीवर बसवत असे. साडेतीन फुटांचे ते धनुष्य साधारण 45 पौंडांचे होते. सॅक्स्टन पोप हे शल्यचिकित्सक त्याचे डॉक्टर आणि शिष्य झाले. 1916 मध्ये इशी क्षयाने गेला. पोप यांनी 1918 मध्ये याही धनुर्विद्येवर प्रबंध आणि 1923 मध्ये धनुष्यबाणाच्या शिकारीवर ग्रंथ प्रसिद्ध केला. अमेरिकेत धनुष्याने शिकार करण्याचे आधुनिक पुनरुज्जीवन मुख्यतः या ग्रंथापासून सुरू झाले. ज्या लोकांना संपवले गेले त्यांच्याच अखेरच्या माणसाने हे ज्ञान हातचे न राखता दिले, हे या विद्येच्या इतिहासात ठळकपणे नोंदवले पाहिजे.

बाणाची काठी धनुष्याशी जुळावी लागते. साध्या धनुष्यात बाण मुठीच्या कडेने जातो. दोरी सुटताच तो वाकतो, मुठीला वळसा घालतो आणि मग सरळ होतो. काठी फार ताठ किंवा फार लवचीक असेल तर तो एका बाजूला जातो. शेपटीची तीन पिसे पक्ष्याच्या एकाच बाजूच्या पंखांतली घेतात, म्हणजे बाण एकाच दिशेने फिरतो.

अशा धनुष्यातून सुटलेला बत्तीस ग्रॅमचा बाण सेकंदाला 45 मीटरच्या आसपास वेग घेतो. त्याची ऊर्जा रायफलच्या गोळीच्या शंभराव्या हिश्शाच्या घरात असते. तो धक्क्याने मारत नाही. रुंद, वस्तऱ्याइतके धारदार पाते रक्तवाहिन्या कापते आणि हरीण रक्तस्रावाने पडते. म्हणून नेम फक्त हृदय-फुप्फुसांवर, पुढच्या पायाच्या किंचित मागे धरतात. हरीण आडवे उभे असावे, किंवा शिकाऱ्यापासून तिरके वळलेले असावे. समोर तोंड केलेल्या हरणावर बाण सोडणे हा अक्षम्य निष्काळजीपणा होय.

अंतराचे बंधन हरणाच्या कानांनी घातले आहे. 18 मीटरवर दोरीचा आवाज सेकंदाच्या विसाव्या भागात पोचतो, बाणाला सेकंदाचे चार दशांश लागतात. मधल्या वेळात सावध झालेले हरीण उडीसाठी अंग खाली दबवते आणि बाण वरून जातो. त्यामुळे वीस यार्डांच्या आत, तेही बेसावध हरणावरच, बाण सोडावा असा संयम पाळावा लागतो.

पांढऱ्या शेपटीचे हरीण इतके जवळ येते ते वाऱ्याची दिशा सांभाळली तरच. त्याला नारिंगी रंग नीट दिसत नाही, पण वास आणि हालचाल चटकन कळते. शिकारी चरण्याची जागा आणि विसाव्याची झाडी यांमधल्या वाटेवर, वारा आपल्या अंगावर येईल असा बसतो. पहाट आणि संध्याकाळ या वेळा हरणांच्या वावराच्या. नोव्हेंबरच्या सुमारास माजावर आलेले नर दिवसाही फिरतात. इशी शिकारीआधी मासे आणि तंबाखू वर्ज्य करत असे, पहाटे ओढ्यात आंघोळ करून सुगंधी पाने अंगाला चोळत असे आणि ओठांशी पान धरून पाडसाचा आवाज काढत असे.

ही शिकार अमेरिकेत परवाना, हंगाम आणि किमान ओढवजन यांच्या चौकटीत चालते. केवळ धनुर्धरांसाठीचा पहिला आधुनिक हरीण-हंगाम विस्कॉन्सिनने 1934 मध्ये सुरू केला. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने चितळ, सांबर, भेकर या सर्वांची शिकार गुन्हा ठरते. सातपुड्यातल्या भिल्लांचे बांबूचे धनुष्य आणि त्याची बांबूच्याच कामटीची दोरी पाहताना ही मर्यादा लक्षात ठेवणे जरूर आहे.

बाण लागल्यावर लगेच पाठलाग करायचा नसतो. पहिल्यांदा हरीण कुठे उभे होते ती जागा आणि ते शेवटी दिसले ती दिशा मनात पक्की करतात, मग बाण शोधतात. गुलाबी, फेसाळ रक्त म्हणजे फुप्फुसाला जखम. अर्धा तास थांबून माग काढला की हरीण बहुधा जवळच मिळते. काळपट रक्त यकृताचे. तिथे काही तास थांबावे लागते. बाणाला हिरवट घाण आणि दुर्गंधी असेल तर पोटाला जखम झाली आहे. अशा वेळी आठ-दहा तास माग घेत नाहीत, कारण उठवलेले हरीण रक्ताचा थेंबही न सांडता फार दूर जाते. माग धरल्यावर रक्ताच्या थेंबांवरून न चालता बाजूने चालतात आणि शेवटच्या थेंबाजवळ खूण ठेवतात. हरीण मिळताच आतडी काढून मांस गार करणे हे पुढचे काम. उबदार हवेत ते काही तासांत नासते. पाठीच्या कण्यालगतच्या आणि पायांच्या लांब कंडरा धनुष्याच्या पाठीसाठी वेगळ्या काढून वाळवतात.