कॅन्सरची गोळी आणि माझी लेक

हायड्रॉक्सीयुरिया सुरू करू या, असं डॉक्टर सांगायचे आणि मी टाळायचे. लेकीला सिकलसेल, एसएस पॅटर्नचा. आम्ही नवरा-बायको दोघंही एएस, म्हणजे वाहक. दोघांकडून एकेक बिघडलेला जनुक तिच्या वाट्याला आला. फॉलिक ॲसिड द्यायचं, पाणी भरपूर पाजायचं, दुखणं उठलं की सलाईन, रक्त उतरलं की रक्त चढवायचं, इथवर मी तयार होते. लेकराला कॅन्सरची गोळी मात्र द्यायची नाही, हे माझं पक्कं होतं. आज सिंदेवाही-नागभीड पट्ट्यात एसएसचं मूल असलेली आई भेटली की मीच तिला म्हणते, "बाई, डॉक्टर म्हणत असतील तर ही गोळी टाळू नको."

भीतीला कारण होतं. गोळीच्या पाकिटातल्या कागदावर ल्युकेमियाचं नाव असतं. औषधाच्या दुकानातले भाऊही म्हणाले होते, "ताई, ही कॅन्सरवाल्यांना देतात." अमेरिकेत १९६७ मध्ये तिला परवानगी मिळाली ती कॅन्सरसाठीच. पॉलिसायथेमिया व्हेरा नावाच्या रक्ताच्या आजारात ही गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्या काहींना पुढे ल्युकेमिया झाला, हेही वाचनात आलं. जनुकात बिघाड आधीच आहे, त्यात ही गोळी. म्हणजे आपल्या हातानं ल्युकेमियाला आवतण, असं मी धरून चालले.

जनुकातला प्रत्येक बिघाड ल्युकेमियाकडे नेत नाही, हे पटवायला नागपूरच्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी मला समोर बसवून नूनन सिंड्रोम या जन्मजात आजाराबद्दल सांगितलं. पीटीपीएन११ नावाचा जनुक पेशींच्या वाढीचा इशारा पुढे पोचवण्याच्या कामात असतो. तो जन्मतःच बिघडलेला असला तर मुलाची उंची खुंटते, हृदयाच्या झडपेत दोष राहू शकतो, चेहऱ्याची ठेवण वेगळी होते. आणि अशा काही बाळांना एक दुर्मीळ ल्युकेमियाही होतो. या जनुकाचा नूननशी संबंध २००१ मध्ये कळला, ल्युकेमियाशी २००३ मध्ये. "तिथे बिघाड वाढीच्या इशाऱ्यातच आहे," बाई म्हणाल्या, "तुमच्या मुलीचा बिघाड हिमोग्लोबिनच्या बांधणीत आहे."

बीटा ग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन येतं, एवढाच तो फरक. प्राणवायू सोडला की असं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटतं, पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते. पॉलिसायथेमियात मूळ आजारच ल्युकेमियाकडे झुकणारा असतो. तिथला धोका इथे जसाच्या तसा लावता येत नाही. सिकलसेलच्या रुग्णांत ल्युकेमियाचं प्रमाण इतरांपेक्षा थोडं जास्त दिसतं, पण तरीही तो विरळच. आणि गोळी घेणाऱ्या मोठ्या माणसांवर सतरा वर्षं लक्ष ठेवलं गेलं, तेव्हा तिच्यामुळे कॅन्सर वाढल्याचं आढळलं नाही.

माझी दुसरी समजूत अशी, की आपल्याकडचा सिकल सौम्य असतो. आपल्या भागातल्या रुग्णांत गर्भातलं हिमोग्लोबिन बरंच टिकून राहतं आणि ते पेशीला वाकू देत नाही, हे खरं आहे. पण रोवणीच्या दिवसांत पावसाची झड लागली की माझी लेक रात्रभर पोटऱ्या धरून बसायची. गरम फडक्यानं शेकत असताना म्हणायची, "आई, हाडाच्या आत दुखते." त्या दुखण्याला सौम्य कोण म्हणेल? हायड्रॉक्सीयुरिया हेच गर्भातलं हिमोग्लोबिन वाढवते. १९९५ च्या अमेरिकेतल्या अभ्यासात दुखण्याचे झटके जवळपास निम्म्यावर आले. नागपुरात डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी तीव्र त्रास असलेल्या मुलांना कमी मात्रेत ही गोळी देऊन पाहिली आणि २०१२ मध्ये निष्कर्ष छापले. आपल्याच मुलांचे झटके कमी झाले होते. ते वाचल्यावर माझ्याकडे नाही म्हणायला काही उरलं नाही.

लेक बरी झाली, असं मी म्हणत नाही. झटके विरळ झाले, रक्त चढवायची वेळ क्वचित येते, शाळा बुडत नाही. गोळीनं पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट उतरू शकतात, म्हणून रक्ततपासणी चुकवायची नाही. घरात गरोदर बाई असेल तर तिनं उघडी कॅप्सूल हाताळायची नाही. पुढे लेकीचं लग्न झालं की मूल होऊ देण्याआधी तिला डॉक्टरांशी बोलावं लागेल. ही काळजी आहेच, पण डोळे उघडे ठेवून घेतलेली आहे.

१ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. सात कोटी लोकांची तपासणी हे तिचं उद्दिष्ट. चंद्रपुरात आयसीएमआरचं संशोधन केंद्रही आलं. तपासणी हवी, सिकलसेलचं कार्ड हवं, लग्नाआधीचा सल्लाही हवा. पण जन्माला आलेल्या लेकराचं दुखणं कार्डानं थांबत नाही. जिवती, कोरची, भामरागडच्या आईला ही गोळी आणि तिच्यासोबतची रक्ततपासणी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातच मिळाली पाहिजे. आणि तिथे कुणीतरी तिला समोर बसवून, मला सांगितलं तसं, सगळं नीट समजावून सांगितलं पाहिजे.